नवशीकाकीची पुढची सीट

नरपड, डहाणू
१८ नोव्हेंबर २०२४

चिमणकाकांना नरपडहून कल्पिताचा नमस्कार.

तुम्हाला फोन करावा तर तुमच्या कानातलं मशीन शिट्टी वाजवतं. संदीपदादाच्या मोबाइलवर मेसेज पाठवावा तर तो वाचून दाखवताना स्वतःला न पटलेलं सगळं गाळतो. म्हणून हे पत्र. नरपडपासून तुमचं सूत्रकार चाळीसेक किलोमीटरच, पण पोस्टातल्या बाई म्हणाल्या की टपाल आधी खाली जातं आणि मग वर येतं. पोहोचेल तेव्हा पोहोचेल.

बातमी अशी की काल बॉडी साच्यातून निघाली. पावसाळ्याआधी तुम्ही तुमची जीप आमच्या अंगणात आणून लावलीत आणि म्हणालात, "हिचा वरचा पत्रा सडला, चासी ठणठणीत आहे. तुझ्या त्या भिंतीवरच्या गाडीसारखी करून दे." आयटीआयला असताना मी ते चित्र कारखान्यात चिकटवलं होतं: परदेशातली, साठएक वर्षांपूर्वीची, दोन सीटची लाल रेसची गाडी. तेव्हापासून बाबा मला विचारतात की ही पाण्यात उतरते का. त्यांनी जन्मभर फायबरच्या होड्या बांधल्या, मी त्यांच्याच हाताखाली शिकले, त्यामुळे काल निघालेली बॉडी अर्धी गाडी आणि अर्धी होडी दिसते. तिला दारंच नव्हती. बाबा म्हणाले, "बाजू कापून कुणी दार करतं का? पाणी येल ना." मी डावीकडे एक कापून घेतलं, भांडून. उजवीकडे तुम्ही पाय टाकून चढायचं.

आता दुसरी बातमी. डहाणूतल्या एजंटाला विचारलं, तर तो म्हणाला की घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, अंगणात ठेवा आणि फोटो काढा. विमावाला मनिष तर चित्र बघून नुसता हसला. जीपचं आरसी ३१ मार्चला संपतंय. तोवर नव्या बॉडीसकट पासिंग झालं नाही, तर ती जीपही राहणार नाही आणि गाडीही होणार नाही. भंगारवाला तेवढा खूश होईल.

आरसी बुक रजिस्टरने पाठवा. आणि एक विचारायचंय. चासी चार बोटं कापून खाली घेतली तर गाडी चित्रासारखी बसकी दिसेल. कापू का?

आईने काकींना विचारलंय. सुकट मागाहून पाठवते म्हणाली.

तुमची
कल्पिता


सूत्रकार, ता. तलासरी
२ डिसेंबर २०२४

कल्पिता पोरी, आशीर्वाद.

चासीला हात लावायचा नाही.

बाकीचं आता लिहितो. आरसी बुक सोबत पाठवलं आहे. आमचा पोरगा संदीप म्हणाला, "ओरिजिनल कशाला पाठवता, हरवेल." मी म्हटलं, मशीन बंद आहे, ऐकू आलं नाही. या कानांचा एवढाच फायदा आहे.

एजंटाने तुला घाबरवलं, पण त्याला या जीपची जन्मकथा माहीत नाही. मी ती घेतली तेव्हा ती नुसती चासी होती. पुढे बॉनेट आणि काच, मागे काहीच नाही. तेव्हा तशाच मिळायच्या, बॉडी ज्याने त्याने आपापली बांधायची. ठाण्याहून मी ती लाकडी खोक्यावर बसून चालवत आणली. मनोरपर्यंत डोळ्यांतून पाणी येत होतं, लोकांना वाटलं माणूस गाडी घेऊन रडतोय. मग आशागडच्या मिस्त्रीने लाकूड आणि पत्रा लावून उघडी बॉडी बांधली आणि आरटीओच्या साहेबांनी तीच पास केली. म्हणजे हिच्यावर कंपनीची बॉडी कधी नव्हतीच. एकदा मिस्त्रीने बांधली, आता तू बांधलीस. साहेबांना हे असंच सांग. एजंटाला सांगू नको, त्याला ऐकायचं नाही.

बसकी नाही झाली तरी चालेल. आमच्या रस्त्याला बसकी गाडी म्हणजे दर खड्ड्याला पोट घासणार.

सीट मात्र दोनच ठेव. मी सांगितलं होतं तशा, एकीला लागून एक. चैत्राच्या पुनवेला महालक्ष्मीची यात्रा लागते. हायवेने विवळवेढ्यापर्यंत नवशीला त्या गाडीतून न्यायचं आहे. माझं लायसन्स मशीन लावून नवीन झालं आहे, चिंता नको.

तुझ्या बाबाला, नयनला, नमस्कार. हंसाबाईंना सांग, सुकटीची वाट बघतो आहे.

चिमण धोडी


नरपड
२१ डिसेंबर २०२४

चिमणकाका,

चासी कापली नाही, आणि का कापली नाही ते आता कळलं.

परवा डहाणूला आरटीओचा कॅम्प होता. गाडी रस्त्याने चालवत नेता येत नाही, म्हणून आम्ही ती होडीच्या ट्रॉलीवर चढवली आणि ट्रॅक्टरने ओढत नेली. वाटेत चौघांनी विचारलं की होडी कुणाची, आणि एकाने विचारलं की इंजिन कुठलं बसवणार. बाबांनी सगळ्यांना खरी उत्तरं दिली आणि कुणालाच ती पटली नाहीत.

इन्स्पेक्टर साहेब तरुण आहेत. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हटलं, "जीप आहे." ते म्हणाले, "ताई, माझे डोळे चांगले आहेत." मग मी तुमची जन्मकथा सांगितली, खोक्यासकट. ते खाली वाकले, चासी, इंजिन, ब्रेक, स्टेअरिंग सगळं मूळचंच आहे हे पाहिलं. म्हणाले, "चासी कापली असती तर मी इथूनच परत पाठवलं असतं. आता मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. अर्ज द्या, मी वर लिहून विचारतो. हे सगळ्यांना मिळत नाही, हेही लक्षात ठेवा." माझी उंच गाडी पहिल्यांदाच मला सुंदर दिसली.

मग त्यांनी सांगितलं की पुढच्या वेळी दिवे ठरलेल्या उंचीवर हवेत, दोन्ही बाजूंना आरसे हवेत, हँडब्रेक चढावर धरला पाहिजे, आणि चालू विमा हवा. मनिषकडे गेले. तो म्हणाला, विमा हवा तर आरसीवर बॉडी बदलल्याची नोंद आण. परत साहेबांकडे गेले. ते म्हणाले, नोंद हवी तर विमा आणा. दिवसभर मी या दोघांच्या मधे चेंडूसारखी फिरले, शेवटी वडापाव खाऊन घरी आले.

पण काका, दार उघडलंय थोडं. चासी नंबरचं तेवढं मी बघते.

काकींना सांगा, सीटला निळं रेक्झिन लावलंय. लाल गाडीत निळी सीट विचित्र दिसते, पण होडीच्या कामातलं उरलं होतं.

कल्पिता


सूत्रकार
६ जानेवारी २०२५

पोरी,

पत्र दोनदा वाचलं. चांगलं लिहिलं आहेस. फक्त "चासी नंबरचं मी बघते" हे कळलं नाही. चासी नंबर बघायचा नसतो, तो असतो. पुढच्या उजव्या चाकामागे, चासीच्या बाहेरच्या अंगाला ठोकलेला आहे. दर पासिंगला साहेब तिथे कागद धरून पेन्सिल घासतात आणि छाप घेऊन जातात. एकदा चिखलामुळे सापडेना, साहेब खाली झोपून वैतागले. तेव्हा नवशी म्हणाली, गाडीचं खरं नाव तिथे लिहिलेलं आहे तर टिळा बॉनेटला कशाला लावता? तेव्हापासून दसऱ्याला तेल आणि कुंकू तिथेच लागतं.

तू काहीतरी लपवते आहेस. मी फक्त कानाने बहिरा आहे.

आता मीही एक सांगतो, म्हणजे फिटंफाट. तुला वाटत असेल, म्हाताऱ्याला या वयात रेसची गाडी कशाला हवी. जीप इतकी वर्षं चालवली, पण नवशी पुढे कधी बसली नाही. पुढे कधी पाहुणा, कधी आजारी माणूस, कधी बाळंतीण. बाजाराच्या दिवशी तर चिंचणीच्या, नरपडच्या बायका आणि त्यांच्या टोपल्या. ती आपली मागे, सुक्या बोंबलांत. मागून सारखा गलका यायचा. मला वाटायचं खड्ड्यांवरून मला शिव्या घालतात, मग मी गाडी हळू करायचो. उजवा कान तर जीपनेच खाल्ला, सगळे ट्रक त्याच बाजूने हॉर्न मारत गेले. डावा अजून थोडा आहे, कुणी खांद्याशी येऊन बोललं तर. ज्या गाडीत दोनच सीट असतील, त्या गाडीत तिला मागे कोण बसवेल? एवढाच माझा हिशेब आहे.

हे तिला सांगितलेलं नाही. ती म्हणते गाडीला मागची जागाच नाही तर लाकडं कशात आणणार.

संदीप म्हणतो, जीप मोडलीच आहे तर सरळ भंगारात द्या. तो वाईट नाही. त्याला भीती आहे की आमच्या आशेवर पाणी पडेल.

नंबरचं काय झालं ते लिही.

चिमण


नरपड
१९ जानेवारी २०२५

चिमणकाका,

लिहिते.

आमच्याकडे लोखंड दिसलं की आधी घासतात आणि मग झाकतात. खाऱ्या हवेत उघडं लोखंड दोन पावसाळे टिकत नाही. तुमची जीप आली तेव्हा मी इंजिनात गुंतले होते. बाबांनी चासीला ग्राइंडर लावला, होडीच्या खिळ्यापट्ट्यांना लावतात तसा, लोखंड पांढरं होईपर्यंत. मग वरून फायबर, म्हणजे रेझिन आणि मॅटचे तीन थर. इतकं सुबक काम की मीच पाठ थोपटली. नंबर तिथे ठोकलेला असतो हे मला आयटीआयत शिकवलं होतं. बघायचं मला सुचलं नाही, आणि बाबांना माहीतच नव्हतं, कारण होडीचा नंबर नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेला असतो, पुसला तर पुन्हा रंगवायचा.

साहेबांनी "नंबरची छाप" म्हटलं तेव्हा मला तो ग्राइंडर आठवला. घरी येऊन बाबांना विचारलं, "सगळी चासी घासलीत का?" ते म्हणाले, "घासली म्हंजे? आरशावाणी केली." मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. तेव्हापासून आमचे निरोप आई मधे बसून पोहोचवते.

फायबरखाली नंबर असेल किंवा नसेल. घासला गेला असेल तर ही गाडी कुणाची, कुठली, हे सांगणारं काही उरलं नाही. मग चोरीची की काय म्हणून चौकशी, पोलीस, पुन्हा नंबर ठोकायची परवानगी. ते सगळं ३१ मार्चच्या आत होणार नाही. तीन आठवडे मी रोज हातोडी घेऊन गाडीजवळ जाते आणि आरशाचा कोन नीट करून परत येते. उघडलं नाही तोवर तो नंबर तिथे आहे, असं मला वाटत राहतं.

काकींची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. बायका मागे बसून शिव्या द्यायच्या का, असं विचारलं. आई हसायला लागली आणि काही सांगेना. म्हणाली, "त्याला नवशीच सांगंल."

काका, मला माफ करा.

कल्पिता


सूत्रकार
३० जानेवारी २०२५

कल्पिता,

उघड.

नंबर निघाला तर निघाला. नाही निघाला तर मी साहेबांसमोर उभा राहीन आणि सांगेन की ही जीप माझी आहे, माझ्यासोबत म्हातारी झाली. मानतील किंवा नाही मानणार. पण तू हातोडी घेऊन रोज परत येऊ नको, ते बरं नाही. नयनवर रागावू नको. त्याने माझ्या जीपला गंजापासून वाचवलं, वाईट काय केलं?

एक कळवतो. परवा तलासरीच्या बाजारात नवशीने काळा चष्मा घेतला. कशाला म्हटलं, तर म्हणाली, "उघडी गाडी हाय, डोळ्यांत वारा जाईल. मनोरला तुमी रडलात ना." मी तिला यात्रेचं सांगितलेलं नव्हतं. कुणी सांगितलं ते देव जाणे, बहुतेक तुझ्या आईने सुकटीबरोबर निरोप धाडला. ती चष्मा घालून चुलीपुढे बसते. संदीपसुद्धा हसला.

उघड आणि लगेच लिही.

चिमण


नरपड
१२ फेब्रुवारी २०२५

चिमणकाका आणि नवशीकाकी,

दोघांना मिळून लिहिते, कारण दोघांची गोष्ट आहे.

तुमचं पत्र आलं त्याच सकाळी मी गाडीखाली झोपले. आधी पान्याने ठोकत गेले. फायबर लोखंडाला नीट धरलेलं असेल तर आवाज टणक येतो. सगळीकडे टणक येत होता. पुढच्या उजव्या चाकामागे आले आणि आवाज पोकळ आला, बद्द. पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द. वीतभर जागा अशी की तिथे फायबर चिकटलेलंच नाही. मला भलताच राग आला. नंबर बाजूलाच राहिला, मी खालूनच ओरडले, "बाबा, इथे तुमचं काम सुटलंय."

बाबा माझ्याशी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा सरळ बोलले. म्हणाले, "सुटणारच. तिथं घासला नाय."

"का नाही घासलं?"

"कुंकू होता तिथं. जाड थर होता, तेलाचा. कुंकवावर ग्राइंडर फिरवायचा का? होडीच्या पुजलेल्या नाळीवर कवा फिरवला मी? हात जोडले, वरून मॅट टाकली."

मी गाडीखालून बाहेर आले. विचारलं, मग इतके दिवस सांगितलं का नाही. ते म्हणाले, "तू नंबरचा विचारलास. कुंकवाचा कुठं विचारलास?"

काका, तुमच्या पत्रात तेल-कुंकवाचं लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि सोडून दिलं, कारण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त ग्राइंडर होता. बाबांना वाचून दाखवलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. पण आम्ही बोलत नव्हतो ना.

मग मी पातळ पटाशी घातली आणि तो तुकडा अलगद उचलला. तुटला नाही. आमच्या धंद्यात साच्याला आधी मेण चोळतात, म्हणजे माल सुटून येतो. काकींच्या तेलाने तेच काम केलं होतं. तुकडा उलटा करून उन्हात धरला तर आतल्या बाजूला लालसर फायबरमध्ये आकडे उठलेले. उलटे, पण एकूण एक. आणि खाली चासीवर, रॉकेलने पुसल्यावर, ते सुलटे. मी आरसी बुकाशी एकेक आकडा लावून पाहिला. आई मागून प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होती, शेजारणींना वाटलं लॉटरी लागली.

मी रडले. बाबा म्हणाले, "रडतेस कशाला, आता तिथं पुन्हा गंज लागंल, ग्रीस लाव." लावलं.

तो फायबरचा तुकडा या पाकिटात घातलाय. साहेबांना तो नको, त्यांना लोखंडावरचीच छाप लागते. तो काकींचा आहे.

कल्पिता


सूत्रकार
२ मार्च २०२५

कल्पिता पोरी,

तुकडा मिळाला. आम्ही तो आरशापुढे धरून वाचला. नवशीला आकडे वाचता येत नाहीत, तिने बोटांनी चाचपले आणि म्हणाली, आपलाच आहे. आता तो देवांजवळ ठेवला आहे. संदीपने त्याचा फोटो काढून कंपनीतल्या मित्रांना पाठवला. भंगाराचा विषय आठ दिवसांत निघालेला नाही.

विम्याचा चेंडू कुठे अडकला आहे? शिमगा झाला की दिवस भरभर जातील.

नयनला सांग, यात्रेला आलास तर नारळ माझ्याकडून.

चिमण


नरपड
२८ मार्च २०२५

चिमणकाका,

झालं. आधी हे लिहून टाकते, मग कसं झालं ते.

मनिषला शेवटी मीच एक वाट सुचवली. म्हटलं, विमा गाडीच्या दिसण्याचा नको, आरसीवर जी चासी आणि जे इंजिन आहे त्याचा दे, माणसाला धक्का लागला तर भरपाई देणारा. बॉडी बदलायचा अर्ज दिलाय हे कंपनीला लपवू नको, उलट पोचपावती जोड. त्याने आठवडाभर टाळाटाळ केली, मग वर पाठवलं. कंपनीने बघायला माणूस धाडला. तो आधी मच्छीमारांच्या होड्यांचे विमे बघायचा. गाडीजवळ येऊन त्याने बोटाच्या पेरांनी बॉनेट वाजवलं, वाकून कडा बघितल्या आणि बाबांना म्हणाला, "काम तुमचं का? चिंचणीला तुमची एक होडी आपटली होती, खडक फुटला." बाबा दिवसभर छाती काढून फिरत होते. पॉलिसी आली. आता बॉडीची नोंद झाली, तर पॉलिसीला तसा कागद जोडावा लागेल, तोही मनिष करतोय. त्याने एवढंच सांगितलं की समुद्रात उतरवल्यास कंपनी जबाबदार नाही.

काल कॅम्प. तुम्ही सह्या करायला आलात तेव्हा मशीन खिशात होतं, त्यामुळे साहेब काय म्हणाले ते तुम्हाला कळलं नाही, आणि संदीपदादाने गाळून सांगितलं असणार. वरून परवानगी आली होती. त्यांनी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, छाप आरसीशी ताडून पाहिली आणि बोटाला लागलेलं बघून विचारलं, "हे लाल काय आहे?" बाबा म्हणाले, "कुंकू. रॉकेलने पण पुरतं गेलं नाय." साहेबांनी छाप फाइलला लावली. मग चढावर हँडब्रेक बघितला, दिवे, आरसे, हॉर्न सगळं बघितलं. उतरताना म्हणाले, "ताई, गाडी चांगली झालीय. फक्त होडीसारखी डोलते." मी म्हटलं, स्प्रिंगचे पाटे जीपचे आहेत, डोलणारच. त्यांनी सही केली.

आरसी आणखी पाच वर्षं चालू. त्यावर लिहिलंय: बॉडी उघडी, सीट दोन. गुढीपाडव्यानंतर मी स्वतः चालवत आणून देते. परतीला एसटीने जाईन, मला गाडीत जागा नाही.

कल्पिता


सूत्रकार
१६ एप्रिल २०२५

कल्पिता पोरी, तुला, नयनला आणि हंसाबाईंना आमचा दोघांचा नमस्कार.

पुनवेला सकाळी निघालो. नवशी नवं लुगडं नेसली, चष्मा घातला, तू कापलेल्या दारातून आत बसली आणि दार स्वतः लावून घेतलं. संदीप मोटारसायकलवर मागे. गावातल्या पोरांनी तलासरीपर्यंत पाठ सोडली नाही.

हायवेला पोलिसाने थांबवलं. मला वाटलंच होतं. तो म्हणाला असावा, कागद दाखवा. मी आरसी दिलं, पॉलिसी दिली, तुझा तो बॉडीच्या नोंदीचा कागदही दिला. त्याने तिन्ही वाचले, गाडीकडे बघितलं, पुन्हा वाचले. मग कागद परत दिले आणि खुणेने विचारलं, एक फोटो काढू का. नवशीने चष्मा नीट केला. माझ्या जन्मात पोलिसाने थांबवल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

तिथून पुढे रस्ता मोकळा होता. मी मशीन काढून खिशात टाकलं, वाऱ्याने ते फारच शिट्ट्या मारत होतं. आणि काही वेळाने मला डाव्या बाजूने काहीतरी ऐकू यायला लागलं. आधी वाटलं इंजिन. मग वाटलं, नवशी खड्ड्यावरून बोलते आहे, म्हणून सवयीने गाडी हळू केली. हळू केल्यावर नीट ऐकू आलं. ती गात होती. आमच्या लग्नातली गाणी, भात लावतानाची गाणी, एकामागून एक, माझ्या खांद्याशी.

मी विचारलं, हे कधीपासून? ती कानाशी वाकून म्हणाली, "नेहमीच. मागं बसून आमी सगळ्या गायचो. हंसा तिकडली, दर्याकडली म्हणायची, मी आपली. गानं रंगात आलं का तुमी गाडी हळू करायचात. आमाला वाटायचं, तुमी ऐकताय."

मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. संदीप घाबरून धावत आला, बाबा काय झालं म्हणून. काही झालं नाही म्हटलं, पाणी पितो.

पोरी, मी तिच्यासाठी पुढची सीट मागितली होती. इतकी वर्षं तिला मागे बसून वाईट वाटत असेल असं मला वाटायचं. तिला तसं काही वाटलंच नव्हतं. तिचं गाणं ऐकायला ती पुढे मलाच हवी होती, ती बसली तेव्हा कळलं.

देवीचं दर्शन झालं. नारळ नयनच्या नावाने फोडला. परतीच्या वाटेवर ती पुन्हा गायली, पण मधेच थांबायची. विचारलं तर म्हणाली, दुसरी ओळ हंसाची असते, एकटीने गाणं पुरं होत नाही.

तेव्हा आता एक काम आहे. मागे जिथे तू डिकी केली आहेस, तिथे एका माणसापुरती सीट बसेल का? चासीला हात लावायचा नाही. इन्स्पेक्टर साहेबांना पुन्हा विचारावं लागेल, मनिषलाही विचारावं लागेल, आणि ते दोघे तुला पुन्हा एकमेकांकडे धाडतील, हे मला माहीत आहे. पाच वर्षं आहेत आपल्याकडे. अर्ज लिहायला घे, सही करायला मी गाडी घेऊनच येतो.

तुझा
चिमणकाका